होडीवरची होडी

मुंबईहून गोव्याकडे निघालेली शिडाची बोट वाटेत विजयदुर्गाला थांबते. वाघोटणच्या खाडीत आडोसा चांगला आहे, नांगर धरतो, किल्ल्याचा तट समोर दिसतो. पण बोटीखालची कील पावणेदोन-दोन मीटर पाण्यात उतरलेली असते, त्यामुळे बोट किनाऱ्यापासून दोन-तीनशे मीटर लांबच उभी राहते. पिण्याचे पाणी भरायचे आहे, भाजी आणायची आहे, कुणाला ताप आला तर डॉक्टर गाठायचा आहे. एवढ्या सगळ्यासाठी एक लहान होडी लागते. तिला डिंगी म्हणतात. अडीच-तीन मीटर लांबीची, तीन-चार माणसे बसतील एवढी, वल्ह्यांवर किंवा छोट्या इंजिनावर चालणारी.

युरोपात बोट थेट धक्क्याला लावता येईल अशा मरीना जागोजागी आहेत. आपल्या किनाऱ्यावर तशी सोय फार थोड्या ठिकाणी आहे. मुंबईत गेटवेसमोर बोटी पाण्यातच बांधलेल्या दिसतात आणि त्यांच्यापर्यंत लहान होडीनेच जावे लागते. हर्णैला तर मासेमारीच्या मोठ्या नौकाही लांब उभ्या राहतात आणि मासळी लहान होड्यांतून, बैलगाड्यांतून पुळणीवर येते. त्यामुळे कोकणच्या किनाऱ्याने हिंडणाऱ्याला डिंगीशिवाय गत्यंतर नाही. ती घ्यायची की नाही, हा प्रश्नच उरत नाही. बोट चालू असताना ती ठेवायची कुठे, हा खरा प्रश्न.

उत्तरे मोजकीच आहेत. बोटीच्या मागे दोर बांधून ओढत न्यायची. पिछाडीला लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या हातांवर, म्हणजे डेव्हिटवर, टांगायची. डेकवर उलटी घालून बांधायची. नाहीतर हवा काढून, गुंडाळून पोटात टाकायची. नवे बोटमालक बहुतेक वेळा डेव्हिट निवडतात, कारण बंदरात ते सगळ्यांत सोयीचे दिसते. बटण दाबले की होडी खाली, बटण दाबले की वर. माझे म्हणणे असे की ही निवड बंदरातली सोय पाहून करूच नये. त्या बोटीला वर्षभरात जो सर्वांत वाईट समुद्र ओलांडायचा आहे, तो डोळ्यांसमोर ठेवून करावी.

हे पुस्तक मी जबलपूरच्या सदर भागात बसून लिहितो आहे. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने हजारेक किलोमीटर. आपले पाणी म्हणजे नर्मदेचे. ग्वारीघाटावरून पलीकडच्या गुरुद्वाऱ्याकडे माणसे नेणाऱ्या नावा आणि भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून फिरवणाऱ्या होड्या आपल्या ओळखीच्या. त्या होड्यांना कुणी उचलून ठेवत नाही. रात्री त्या घाटालाच बांधलेल्या असतात. म्हणून समुद्रावरची ही अडचण नुसती वाचून कळत नाही, ती मोजून पाहावी लागते आणि त्यासाठी समुद्रावर जायची गरज नाही. सदरमधल्या जुन्या बंगल्यांची अंगणे पुरेशी मोठी आहेत. खडू आणि सुतळी घ्या. ११ मीटर लांब आणि मध्यभागी साडेतीन मीटर रुंद अशी बोटीची आकृती जमिनीवर काढा, पुढचे टोक निमुळते करा. पुढच्या टोकापासून सव्वाचार मीटरवर डोलकाठीची खूण करा. आता जुन्या खोक्यांचा पुठ्ठा जोडून २.७ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद तुकडा कापा. ही तुमची डिंगी. ती आकृतीवर ठेवून पाहा.

पुढचा एक मीटर नांगर, साखळी आणि ती ओढणाऱ्या विंचला हवा. मग डोलकाठीपर्यंत सव्वातीन मीटर उरतात. पुठ्ठा त्यात बसतो, पण पुढे बोट निमुळती होत जाते, त्यामुळे डिंगीच्या कडेने चालायला दोन्ही बाजूंना जेमतेम पाऊलभर जागा राहते. शिवाय खालच्या केबिनला हवा देणारी झडप नेमकी डिंगीखाली येते. डोलकाठीच्या मागे केबिनच्या छतावर ठेवून पाहा. तिथे छताची लांबी सुमारे अडीच मीटरच भरते, बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला, खाली खेचणारा दोर आडवा येतो आणि केबिनचा दरवाजाही मोकळा ठेवायचा असतो. २.७ मीटरची डिंगी तिथे बसत नाही, २.३ मीटरची बसते, पण तिच्यात तिघे बसले की पाणी काठाशी येते. आता पुठ्ठा पिछाडीला आडवा लावा. तो साडेतीन मीटर रुंदीत सहज मावतो आणि डेक पूर्ण मोकळा राहतो. बोटमालक डेव्हिटवर का भाळतात ते इथे लगेच लक्षात येते.

पण अंगण हलत नाही. समुद्रात पिछाडी दर पाच-सहा सेकंदांनी वर जाते आणि खाली आपटते. डिंगी ४५ किलोची आणि तिच्यावरचे इंजिन २० किलोचे धरा, म्हणजे ६५ किलो वजन बोटीच्या कडेबाहेर जवळपास मीटरभर लोंबते आहे. शांत पाण्यात दोन डेव्हिट ते आरामात पेलतात. लाटेवरून बोट खाली येऊन झटक्याने थांबते, तेव्हा क्षणभर हेच वजन दुप्पट किंवा त्याहून जास्त होते आणि तो ताण डेव्हिटच्या बुडातल्या चार-चार बोल्टांवर येतो. बोल्टांमागे डेकच्या आतून जाड पत्रा लावलेला नसेल तर फायबरग्लासला आधी केसासारख्या चिरा पडतात आणि मग त्यातून पाणी झिरपू लागते.

त्याहून मोठा धोका पाण्याचा. डिंगीच्या आतली जागा साधारण तीन चौरस मीटर असते. कोकणात शंभर मिलिमीटर पाऊस काही तासांत पडणे ही नवलाची गोष्ट नाही. तेवढा पाऊस टांगलेल्या डिंगीत साठला तर तीनशे लिटर, म्हणजे तीनशे किलो पाणी होते. ६५ किलोसाठी बसवलेल्या डेव्हिटवर आता पाच मोठ्या माणसांचे वजन लटकलेले असते. म्हणून टांगलेल्या डिंगीच्या तळाचे बूच नेहमी काढून ठेवतात आणि मागची बाजू किंचित खाली ठेवतात, म्हणजे पाणी निघून जाते. पाऊस तरी सावकाश भरतो. मागून आलेली एकच लाट डिंगीत शिरली तर बुचाचे भोक ती वेळेत रिकामी करू शकत नाही.

मोठ्या जहाजांवरही डेव्हिटच असतात ना, असा प्रश्न येईल. असतात; पण ते जहाजाच्या बाजूला, पाण्यापासून कित्येक मीटर उंचीवर. अकरा मीटरच्या शिडाच्या बोटीवर डिंगीचा तळ पाण्यापासून जेमतेम मीटरभर वर राहतो. दीड-दोन मीटरची मागची लाट ही अरबी समुद्रात पावसाळ्याबाहेरही अपवादाची गोष्ट नाही. म्हणून अकरा-बारा मीटरच्या बोटीला उघड्या समुद्रासाठी डेव्हिट मी चुकीचे मानतो. बोट पंधरा मीटरच्या पुढची असेल, पिछाडी उंच आणि रुंद असेल, डिंगी चारही बाजूंनी आवळून बांधता येत असेल, तर गोष्ट वेगळी. खाडीतल्या खाडीत, मुंबई-मांडवा किंवा मांडवीच्या पात्रात दिवसभर फिरण्यापुरते मात्र डेव्हिटसारखे सुख नाही.

ओढत नेणे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवे. सकाळी वारा पडलेला असतो, डिंगी मागे सरळ रेषेत येते, उचलण्याचे श्रम वाचतात. कोकणात उन्हाळ्यापर्यंतच्या मोसमात दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो आणि रात्री जमिनीवरून मतलई. खारा वारा जोर धरतो तशा लाटा उभ्या राहतात आणि डिंगी लाटेच्या उतारावरून घसरत येऊन पिछाडीवर आदळू लागते, मग मागे राहते, दोर ताणला जातो आणि हिसका बसतो. यावर जुना उपाय असा की दोराची लांबी अशी ठेवायची की डिंगी मागून येणाऱ्या दुसऱ्या लाटेच्या पाठीवर राहील, उतारावर येणार नाही. दोर दोन असावेत, वेगवेगळ्या कड्यांना बांधलेले, आणि पाण्यावर तरंगणारे असावेत, म्हणजे इंजिनाच्या पंख्यात गुंतणार नाहीत. तरी बोट मागे घेण्याआधी दोर आखडून हातात घ्यावाच लागतो. ओढत नेताना डिंगीवर इंजिन, इंधनाची टाकी, वल्ही, काहीही ठेवायचे नाही. उलटली तर सगळे गेलेच समजा.

कोकणात आणखी एक गोष्ट आडवी येते. रात्री मच्छीमारांची जाळी पसरलेली असतात, त्यांचे तरंगते बोये अंधारात दिसत नाहीत. बोटीची कील कधी जाळ्यावरून सरकून निसटते, पण मागचा दोर आणि डिंगी त्यात अडकतात. त्यात आपलेही नुकसान आणि ज्याने उसने पैसे काढून ते जाळे घेतले त्या मच्छीमाराचेही. शिवाय ओढलेली डिंगी बोटीचा वेग अर्धा-एक नॉटने कमी करते. पाच नॉटने चालणाऱ्या बोटीला मुंबई ते गोवा हे सव्वादोनशेहून जास्त सागरी मैल कापायला दोन दिवसांच्या आसपास लागतात. त्यात सहा-आठ तासांची भर पडते आणि जिथे दिवसाउजेडी पोहोचायचे तिथे अंधारात पोहोचावे लागते. खाडीच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, ओहोटीला त्यांवर लाटा फुटतात. तिथे अंधारात, मागे डिंगी लोंबकळत असताना शिरणे म्हणजे संकटाला आमंत्रण. मासेमारीच्या नौका होडी मागे बांधून नेताना दिसतात, पण त्यांवर चार-सहा माणसांचे हात असतात आणि तांडेलाला त्या पाण्याचा प्रत्येक दांडा ठाऊक असतो. दोघा जणांच्या कुटुंबाने त्यांचे अनुकरण करू नये.

उरला डेक. पृथ्वीची एकट्याने प्रदक्षिणा करणारा पहिला माणूस जोशुआ स्लोकम याच्यासमोर हाच प्रश्न होता. त्याची ‘स्प्रे’ ११ मीटरच्या थोडी वर, आपण अंगणात आखली तेवढीच. १८९५ मध्ये बॉस्टनहून निघाल्यावर ग्लॉस्टरला त्याने एक जुनी डोरी, म्हणजे सपाट तळाची मासेमारीची होडी, घेतली. ती डेकवर मावेना आणि एकट्याला उचलवेना. स्लोकमने ती मधोमध आडवी कापली, कापलेल्या बाजूला फळ्या ठोकल्या आणि अर्धी होडी बरोबर घेतली. शीड वर ओढण्याचा जो दोर होता त्यानेच तो ती डेकवरून उचलून पाण्यात सोडायचा. प्रवासात तिच्यात पाणी भरून कपडे धुवायचा, अंघोळही करायचा. डेकवरची जागा, एका माणसाची ताकद आणि आधीपासून बोटीवर असलेला दोर, या तिन्हींचा हिशेब त्याने एका करवतीने सोडवला. आज दोन तुकड्यांत सुटणाऱ्या, एकात एक बसणाऱ्या डिंग्या मिळतात त्या याच वाटेवरच्या आहेत आणि छोट्या बोटीसाठी मला त्या फार आवडतात.

पण त्याच अर्ध्या होडीने स्लोकमचा जीवही धोक्यात आणला. डिसेंबर १८९५ मध्ये उरुग्वेच्या किनाऱ्यावर ‘स्प्रे’ वाळूत रुतली. तिला ओढून काढण्यासाठी नांगर खोल पाण्यात नेऊन टाकायचा होता. जड नांगर आणि दोर घेऊन तो त्या होडीतून निघाला, होडीत पाणी भरू लागले, नांगर टाकल्यावर ती उलटली. स्लोकमला पोहता येत नव्हते. पुन्हापुन्हा उलटणारी होडी सरळ करून तो कसाबसा किनाऱ्याला लागला. बोट रुतली की दुसरा नांगर लांब नेऊन टाकणे हे डिंगीचे एक मोठे काम आहे आणि वाळूच्या दांड्यांच्या आपल्या किनाऱ्यावर ते कधीही पदरात पडू शकते. डेकवर मावते म्हणून अगदीच चिमुकली डिंगी घेऊ नये, ते यासाठी.

डेकवर डिंगी उलटीच ठेवावी. उलटी ठेवली की तिच्यात पाणी साचत नाही, लाट पाठीवरून निघून जाते आणि खाली वल्ही, पंप ठेवता येतात. तिच्या काठाच्या आकाराचे लाकडी ठोकळे डेकवर बसवावेत, म्हणजे ती सरकत नाही. खरी मेख बांधण्यात आहे. पट्टे किंवा दोर ज्या कड्यांना बांधायचे, ती कडी डेकमधून आरपार बोल्ट टाकून, आतून पत्रा देऊन बसवलेली हवीत. कडेच्या रेलिंगच्या खांबांना किंवा हाताने धरायच्या लाकडी पट्टीला डिंगी बांधणे हा नेहमी दिसणारा प्रकार. डेकवर लाट चढली की डिंगीबरोबर रेलिंगही जाते. तसेच पुढच्या शिडाचे दोर डिंगीच्या कोपऱ्यात अडकतात, त्यासाठी तिच्यावरून एक गुळगुळीत दोर तिरका ताणून ठेवावा. सुकाणूवरून पुढचे दिसते का, तेही बसून पाहावे. दिसत नसेल तर डिंगी मोठी आहे.

उचलण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. डिंगीला तीन ठिकाणी कडी लावून तीन दोरांचा लगाम करावा, तो डोलकाठीवरून येणाऱ्या शिडाच्या दोराला अडकवावा आणि विंचवर वर घ्यावी. एकाने विंच फिरवायचा, दुसऱ्याने डिंगी कठड्यापासून हाताने दूर धरायची. रात्री नांगरावर असताना हीच पद्धत वापरून डिंगी बाजूला मीटरभर उंच टांगून ठेवावी. पाण्यात सोडलेली डिंगी आणि तिचे इंजिन सकाळी जागेवर असेलच असे कुठल्याच किनाऱ्यावर धरून चालू नये.

इंजिन मात्र डिंगीवर ठेवून उचलू नये. अडीच अश्वशक्तीचे सतरा-अठरा किलोचे असते, दहा अश्वशक्तीच्या आसपासचे चाळिशीकडे जाते. ते काढून पिछाडीच्या कठड्यावर लाकडी फळीला लावावे आणि पेट्रोल केबिनमध्ये कधीही नेऊ नये, त्याची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साठते.

हवेची डिंगी हवा काढून गुंडाळली की तीस-पस्तीस किलोची पिशवी होते आणि खालच्या कपाटात जाते. लांबच्या पल्ल्याला यासारखी निर्धास्त व्यवस्था नाही. त्रास पोहोचल्यावर असतो. डेकवर ती पसरायची, पायाच्या पंपाने दहा-पंधरा मिनिटे हवा भरायची. रोज एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाणारा हे चार दिवस करतो आणि पाचव्या दिवसापासून डिंगी मागे बांधून ओढू लागतो. आपल्या उन्हात कापडही पाहून घ्यावे. पीव्हीसीच्या नळ्या काही वर्षांत चिकट होतात, सांधे सुटतात. हायपॅलॉन महाग, पण उन्हात टिकते. पीव्हीसी घेतली असेल तर तिला कापडाचे आवरण शिवावेच.

आपल्याकडे शिडाच्या बोटीचा विषय निघाला की ‘म्हादेई’ आठवते आणि आठवावीच. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात ती बांधली गेली, १९ ऑगस्ट २००९ रोजी नौदलाचे दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय म्हणून परतले. वाटेत ते फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाउन एवढ्याच चार ठिकाणी थांबले. मग २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी गेल्या. ही बोटही दिवाडीचीच. अशा मोहिमेत महिना-महिना जमीन दिसत नाही आणि दिसते तेव्हा समोर मोठे बंदर असते. त्यांचा फोटोतला मोकळा, आवरलेला डेक पाहून कोकणात फिरणाऱ्या कुटुंबाने आपली बोट तशी सजवू नये. तुम्हाला रोज संध्याकाळी किनारा गाठायचा आहे. मात्र दक्षिण महासागरात जाणाऱ्या बोटीवर जे ठेवता येणार नाही ते उघड्या समुद्रात तुमच्याही बोटीवर बेभरवशाचेच, एवढे त्यांच्याकडून जरूर घ्यावे.

डिंगी असली की जीवरक्षक तराफ्याची गरज नाही, हा समज काही लोकांत घट्ट बसला आहे. त्याच्या पुष्टीसाठी रॉबर्टसन कुटुंबाचे उदाहरण देतात. १५ जून १९७२ रोजी गॅलापागोस बेटांच्या पश्चिमेला किलर व्हेलच्या धडकेने त्यांची ‘ल्युसेट’ काही मिनिटांत बुडाली. सहा जण तराफ्यावर आणि ‘एडनामेअर’ नावाच्या फायबरग्लासच्या डिंगीवर उतरले. अडीच आठवड्यांच्या आत तराफा निकामी झाला आणि उरलेले दिवस सहाही जणांनी त्या तीन मीटरच्या डिंगीत काढले. एकूण ३८ दिवसांनी एका जपानी मासेमारी जहाजाने त्यांना उचलले. डिंगीने त्यांना वाचवले हे खरे. पण पहिल्या क्षणी सगळे तराफ्यावर चढू शकले हेही तितकेच खरे. तराफा स्वतंत्र हवा, दोर ओढताच फुगणारा. डिंगी त्याच्या जोडीला. आणि डिंगीची बांधणी अशी असावी की गरज पडली तर सुरीच्या दोन फटक्यांत ती मोकळी होईल. ती सुरी तिथेच, डिंगीजवळ, खोबणीत घालून ठेवावी.

दहा ते बारा मीटरच्या बोटीवर दोघे-तिघे मिळून मुंबई-गोवा किंवा पुढे लक्षद्वीपपर्यंत जाणार असाल, तर माझा कौल स्पष्ट आहे. २.७ मीटरच्या आसपासची, कडक तळाची हलकी डिंगी घ्या, ती डोलकाठीच्या पुढे उलटी बांधा, इंजिन लहान ठेवा. डेकवर ती बसत नसेल तर हवेची घ्या आणि उघड्या समुद्रात निघण्याआधी न चुकता गुंडाळा. बोट नवी बांधून घेत असाल तर कारखानदाराला डेक बंद करण्याआधीच सांगा की पुढच्या डेकवर चार कडी हवीत आणि खालून पत्रा हवा. मागाहून हेच काम करायला केबिनचे छत उखडावे लागते. मग पहिल्याच मोसमात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या शांत पाण्यात नांगर टाकून, बोटीवर नेहमी असतील तेवढ्याच माणसांनी डिंगी उतरवून पुन्हा चढवून बांधून पाहा. या कामाला पाव तासाहून जास्त वेळ लागत असेल तर पुढच्या प्रवासाआधी कप्प्या वाढवा किंवा डिंगी बदला.